हातगुण

रूथ, तुझ्या मागच्या पत्रात दोन गोष्टी होत्या. दोन्हींचं उत्तर एकच आहे आणि ते नेहमीच्या निळ्या एअरमेलच्या कागदावर मावणार नाही, म्हणून हे जाड पाकीट. पहिली गोष्ट, फोटोत आजीच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं का दिसतं. दुसरी, पियानोच्या परीक्षेनंतर तुझ्या शिक्षिका सगळ्यांसमोर म्हणाल्या की या मुलीच्या बोटांत काहीतरी आहे, आणि तेव्हापासून तू झोपण्याआधी आपली बोटं निरखून बघतेस. डेव्हिड, तू काही विचारलं नाहीस, पण तूही ऐक. मराठी अडलं तर बाबांना वाचून दाखवायला सांगा. या गोष्टीत तेही आहेत.

मी एका आजाराबद्दल लिहिते आहे. त्याचं नाव घेताना आपल्याकडे लोक अजून आवाज खाली आणतात. मी आणणार नाही. मला महारोग झाला होता, आणि मी बरी झाले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला भीती वाटायला नको. मला तेव्हा असं आधी सांगणारं कुणी नव्हतं.

कोळवणचा दवाखाना

मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात मिशनचा एक लहान दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे पडवी, आणि अंगणाच्या पलीकडे आमचं घर. तुमचे आजोबा गावच्या शाळेत मास्तर होते. मी नर्स. पुण्याच्या मिशनच्या शाळेत शिकले, नर्सिंगची परीक्षा इंग्रजीतून दिली, आणि लग्नानंतर या भातखाचरांच्या गावात आले. डॉक्टर महिन्यातून एखादा फेरा मारत. एरवी ताप, जखमा, विंचू आणि बाळंतपणं माझ्याकडेच. खोऱ्यातली पुष्कळ मुलं माझ्या हातांवर जन्मली.

आता एक शब्द समजून घ्या. हातगुण. इंग्रजीत याला नेमका शब्द मला कधी सापडला नाही. एखाद्याने लावलेलं रोप जगतं, एखाद्याने दिलेलं औषध लागू पडतं, एखादीच्या हातची आमटी चवीला उतरते. तेव्हा लोक मातीचं, औषधाचं किंवा चिंचगुळाचं नाव घेत नाहीत. म्हणतात, हिच्या हाताला गुण आहे.

माझ्या हाताला गुण आहे असं कोळवणात बोललं जाऊ लागलं. मी मिशनच्या शाळेत वाढलेली. स्तुती झाली की ती आपल्यापाशी ठेवायची नाही, वर पाठवायची, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. म्हणून मी एक वाक्य तयार ठेवलं होतं, "हात माझा, गुण देवाचा." वाक्य छोटं, नीटनेटकं होतं. मी ते प्रत्येक बाळंतपणानंतर म्हणत असे.

त्या वाक्याचं गावाने काय केलं ते ऐका. खालच्या आळीत काशीबाई म्हणून होत्या. भाताची चांगली जमीन असलेलं घर, आणि जिभेला लगाम नाही. त्या पाणवठ्यावर बायांना म्हणाल्या, "नर्सबाई सोताच सांगत्यात, गुण देवाचा हाय. म्हंजी त्यांच्या हातात देवच हाय की."

झालं. बाया माझा हात धरून कपाळाला लावू लागल्या. आजारी मुलांच्या डोक्यावर माझा हात ओढून ठेवू लागल्या. मी समजावलं, "अहो, देव असा हातात नसतो." "व्हय, व्हय," असं म्हणत त्या पुन्हा हात कपाळाला लावत. आमच्याकडे पावसाआधी शेताच्या तुकड्यावर पाला आणि शेण जाळून जमीन भाजतात आणि तिथे भाताची रोपं करतात. त्याला राब म्हणतात. राबात बियाण्याची पहिली मूठ टाकायलाही मला बोलावणी येऊ लागली. दवाखान्यात गर्दी असे, समजावायला वेळ नसे, आणि हळूहळू मी समजावणं सोडून दिलं. वाक्य मात्र म्हणत राहिले.

बोटावरचा फोड

एका दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. आजोबा ताटावरून माझ्या हाताकडे बघत म्हणाले, "शांता, बोटाला एवढा फोड कशाने आला?"

मी पाहिलं. करंगळीच्या कडेला सुपारीएवढा फोड होता. सकाळी स्टोव्हवर सुया-कात्र्या उकळताना भांड्याला हात लागला असणार. असणार म्हणते, कारण मला कळलंच नव्हतं.

"दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बरं," ते म्हणाले आणि त्यांनी भातावर आमटी घेतली.

मी नर्स होते. न दुखणारा फोड ही बरी गोष्ट नाही हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. भांडी आवरून मी दवाखान्यात गेले, दार लावलं, एक सुई घेतली आणि डोळे मिटून स्वतःचाच हात टोचून पाहिला. करंगळी, शेजारचं बोट, तळहाताची कड. एका ठिकाणी वाटलं, हो, टोचलं. डोळे उघडले तर सुई अजून हवेतच होती.

दोन भाषांतला एक शब्द

पौडपर्यंत बैलगाडी आणि पुढे एस.टी. असे आम्ही पुण्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांशी मी नेहमी इंग्रजीतच बोलत असे. त्या दिवशीही ते इंग्रजीतच बोलले. हात वळवून पाहिला, कोपरामागची शीर चाचपली, पाठीवरचा एक फिकट चट्टा पाहिला. तो चट्टा मला दिसणंच शक्य नव्हतं. मग त्यांनी रोगाचं नाव सांगितलं.

मी मान हलवली. इंग्रजीत तो शब्द मी परीक्षेच्या पेपरात लिहिला होता. स्पेलिंग नीट लिहिलं होतं, मार्क मिळाले होते. इंग्रजीत तो रोग होता. जिना उतरताना आजोबांनी विचारलं, "काय म्हणाले?" आणि मला त्यांना मराठीत सांगावं लागलं, तेव्हा मी पायरीवर बसले. मराठीत तो शब्द चिंध्या गुंडाळलेल्या, डबा वाजवणाऱ्या माणसांचा होता. आमच्या गावात त्याला रक्तपिती म्हणत आणि नाव घेऊन थुंकत.

आजोबा माझ्या शेजारी पायरीवर बसले. माणसं आमच्या बाजूने वर-खाली जात होती. मग ते म्हणाले, "नव्या गोळ्या निघाल्यात म्हणतात ना?"

"हो. बरा होतो असं म्हणाले. वेळ लागेल. पण गेलेली बोटं परत येतीलच असं नाही."

"बोटांचं बघू," ते म्हणाले. "तू उठ. एस.टी. चुकेल."

त्या एस.टी.त मी जी प्रार्थना केली ती लिहिते, कारण तुम्ही कधी आजारी पडलात तर अशी प्रार्थना तुमच्याही तोंडी येईल आणि तिची लाज वाटून घेऊ नका. मी म्हटलं, प्रभू, दुसरं काहीही घे. पाय घे, डोळा घे. हात कशाला? मी तर गुण तुझाच म्हणत आले.

इस्पितळ

मिशनच्याच एका इस्पितळात मी काही महिने राहिले. गाव सोडताना दवाखान्याचं कपाट नीट लावलं, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि कुणाचा निरोप न घेता गेले.

इस्पितळाचा दिवस घंटेवर चालायचा. घंटा झाली की प्रार्थना, मग चहा, मग गोळ्या. मग पाण्यात हात-पाय भिजवून तेल लावायचं. आणि संध्याकाळी एक काम असे, ते मी विसरणार नाही. उजेड असेतो आम्ही बाया जोडीजोडीने समोरासमोर बसून एकमेकींचे हात-पाय तपासायचो. काटा रुतला असेल, भाजलं असेल, बूट लागला असेल. ज्याला दुखतच नाही त्याला जखम डोळ्यांनी शोधावी लागते, आणि स्वतःच्या टाचेमागचं स्वतःला दिसत नाही.

माझी जोडीदारीण तुळसाबाई. साताऱ्याकडची, घरच्यांनी सोडून दिलेली. तिच्या एका हाताला दोनच बोटं धड होती. पहिल्या दिवशी मी तिचे हात भराभर, नर्ससारखे तपासले आणि माझे पदराखाली घेतले.

"आता तुमचे," ती म्हणाली.

"माझे मी पाहीन. मी नर्स आहे."

"असाल की. आमच्या शाळंत नव्याच हायसा. आणा हिकडं."

तिने माझा हात आपल्या त्या दोन बोटांनी धरला, खिडकीकडे नेला आणि एकेक बोट उलटंपालटं करून सावकाश बघितलं. माझ्या हाताला गुण आहे म्हणून कुणी धरावा याची मला सवय होती. त्याला कुठे लागलंय का हे बघण्यासाठी माझ्या आईनंतर कुणी धरल्याचं आठवत नव्हतं. मला रडू आलं. तुळसाबाई म्हणाली, "दुखलं व्हय?" आणि मग स्वतःच हसली, कारण आमच्या वॉर्डात तो विनोद होता.

संधिवात

तेव्हा तुमचे बाबा पुण्यात कॉलेजात होते आणि होस्टेलवर राहत. ते इस्पितळात मला भेटायला आले आणि बाकाच्या टोकाला बसले. म्हणाले, "आई, होस्टेलात मी सांगितलंय की तुला संधिवात झालाय."

मी म्हटलं, "बरं."

"माझ्या खोलीतला मुलगा खोली बदलून मागेल, म्हणून."

"बरं, वसंता."

आजोबांनीही गावात संधिवातच सांगितला होता. यात त्यांना दोष देऊ नका. दवाखाना बंद पडू नये, मुलाचं शिक्षण सुटू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. माझ्याही मनात तेच होतं. डॉक्टरांनी मला घरी जायला परवानगी दिली. माझ्यापासून आता कुणाला भय नाही, पण रोगमुक्त लिहून देईपर्यंत बाळंतपणं करायची नाहीत, असं सांगितलं. मी घरी आले तेव्हा गावाच्या दृष्टीने मी संधिवाताची बाई होते, आणि लवकरच बरी होऊन पुन्हा हात लावणार होते.

मधल्या काळात मिशनने सुमन नावाची नवी नर्स पाठवली होती. नगरकडची मुलगी, नुकती परीक्षा झालेली, कामाला चोख. पण बाया तिच्याकडे जात नव्हत्या. मलमपट्टीपुरत्या जात. बाळंतपण निघालं की घरीच उरकत, नाहीतर नर्सबाई बऱ्या होईपर्यंत देवाने कळ थांबवावी असा नवस बोलत. "त्या पोरीचा हात लई गार हाय," एवढंच कारण सांगत.

निरगुडीचा पाला

काशीबाईंची सून पारू तेव्हा पोटुशी होती. तिची पहिली दोन मुलं गेली होती, एक पोटातच आणि एक जन्मल्यावर थोड्या दिवसांनी. दोन्ही बाळंतपणं घरीच झाली होती. हे तिसरं अवघड जाणार हे मला तिच्या चालण्यावरूनच दिसत होतं. सुमनने दोनदा तिच्या घरी जाऊन सांगितलं होतं, दवाखान्यात ये, मला तपासू दे. तिने दार उघडलं नव्हतं.

एका सकाळी दोघी सासूसुना आमच्या घरी आल्या. काशीबाईंच्या हातात फडक्यात बांधलेला निरगुडीचा पाला होता, तव्यावर गरम केलेला. संधिवाताला निरगुडीने शेकतात.

पारू खाली बसली आणि म्हणाली, "बाई, तुमी बाळातपण करू नगा. बरं न्हाई तुमाला, म्हाईत हाय. पर नुसता हात ठेवा माझ्या पोटावर. येकडाव. मग ती सुमनबाई बघंल, मी न्हाई म्हननार न्हाई."

रूथ, हे किती सोपं होतं बघ. नुसता हात ठेवायचा. डॉक्टरांच्या मते त्यात धोका नव्हता. पारू सुमनकडे गेली असती, बाळ सुखरूप झालं असतं, माझा मान राहिला असता, संधिवात राहिला असता. मी काही क्षण खरंच तो हात उचलायच्या बेतात होते.

"आदी शेकू द्या हात," काशीबाई म्हणाल्या. "मग ठेवत्याल." आणि त्यांनी ते कढत फडकं माझ्या बोटांवर टेकवायला पुढे केलं.

मी हात मागे घेतला.

"चटका बसंल म्हनून भ्येता व्हय? येवढ्या शान्या बाई तुमी."

"चटका बसला तरी मला कळणार नाही, काशीबाई."

तोंडातून गेलं. खोऱ्यातल्या शेळ्या राखणाऱ्या पोरांनाही माहीत असतं की चटका कळत नाही तो रोग कोणता. काशीबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मला अजूनही सावरता आलं असतं, हसून काहीतरी म्हणता आलं असतं. पण पारू माझ्या हाताकडे बघत होती. तिच्या बघण्यावरून मला कळलं की तो हात मी आज तिच्या पोटावर ठेवला तर मी तिला असंच सांगितल्यासारखं होईल की देव इथे आहे, या पाच बोटांत. आणि पुढच्या खेपेला मी नसले तर तिच्यासाठी देवही नसेल.

मी म्हटलं, "मला संधिवात नाही. रक्तपिती आहे. औषध चालू आहे, माझ्यापासून तुम्हाला काही होणार नाही. पण हा हात बघून घ्या. यात काही नाही."

पारूने पोटावर पदर ओढला. काशीबाई उठून उभ्या राहिल्या.

"म्हंजी हातातला देव गेला म्हनायचा," त्या म्हणाल्या.

"तो हातात नव्हताच."

"मग येवढी पोरं कुनी काडली?"

"देवानेच. मी फक्त हात पुढे केले होते."

"आन आता कुटं हाय त्यो?"

"होता तिथेच आहे. सुमनच्या हातांनीही तो तेच करील."

"तिचा हात गार हाय," काशीबाई म्हणाल्या. मग सुनेला म्हणाल्या, "पारू, ऊठ. ह्या उंबऱ्यावर पुन्यांदा पाऊल ठेवू नगंस."

जाताना त्यांनी निरगुडीचा पाला अंगणातच टाकला. त्याचा वास दुपारपर्यंत येत होता.

आजोबा शाळेतून आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. संधिवातावर काय औषध घेता म्हणून लोक मलाच विचारत होते. मला एकाचंही नाव सांगता येत नव्हतं." पुढे काही दिवस आमच्या पडवीत कुणी आलं नाही. शाळेतली काही मुलंही घरच्यांनी बसवून ठेवली. बाबांना कळवलं. ते त्या नाताळला घरी आले नाहीत. माझ्या आजारपणात फोड, सुई, पुण्याचा जिना या सगळ्यांपेक्षा तो नाताळ जड गेला. आजोबांनी करंज्या तळल्या आणि आम्ही दोघांनी एकेक खाल्ली.

पायाळू

नाताळानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी उन्हं अंगणात आली असताना, फाटकाशी बैलगाडी थांबली. गाडीत पारू होती. काशीबाई गाडीतूनच ओरडल्या, "नर्सबाई घरात हायेत का? हायेत? मग त्यास्नी घरातच ऱ्हाऊ द्या. त्या पोरीला बोलवा."

श्रद्धेने आल्या नव्हत्या. भीतीने आल्या होत्या. घरी प्रयत्न करून झाला होता, बाळ अडलं होतं, आणि माझ्या हाताची आता त्यांना इतकी धास्ती होती की त्यापुढे सुमनचा गार हात बरा वाटला होता. देव भीतीच्या वाटेनेही माणसाला योग्य दारी आणतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मी आमच्या खिडकीशी बसले. अंगणापलीकडून पारूचा आवाज येत होता. थोड्या वेळाने सुमन धावत खिडकीखाली आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, बाळ पायाळू आहे. पाय खाली आहेत. तुम्ही या."

तुम्हाला सांगते, पायाळू बाळ मी पुष्कळदा काढलं होतं. कुठे थांबायचं, कुठे ओढायचं नाही, हे माझ्या हातांना ठाऊक होतं. पण ते ज्या बोटांना ठाऊक होतं, त्यांना आता काही समजत नव्हतं. मी गेले असते तर पारू घाबरून आखडली असती आणि सुमन माझ्या तोंडाकडे बघत राहिली असती.

"तुला येतं," मी म्हटलं. "घाई करू नको. खेचू नको. आणि आत जाण्याआधी हात कोमट पाण्यात धर. घाबरली की तुझे हात जास्त गार पडतात."

ती गेली. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. प्रार्थना सुरू केली, तर काय सुचावं? प्रभू, मी तिला जे सांगितलं ते बरोबर ठरू दे. मी तिथेच थांबले. त्या खोलीत एका बाईचा जीव होता, तिच्या पोटात एक जीव होता, आणि मी अजून माझ्याच सांगण्याचं बघत होते. पुन्हा सुरुवात केली. शेवटी एवढंच उरलं, हात कुणाचाही असो, प्रभू. हात कुणाचाही असो.

किती वेळ गेला मला माहीत नाही. पारूचा आवाज थांबला. मग काहीच नाही. अंगणातली कोंबडीसुद्धा मला ऐकू येत होती. आणि मग बाळ रडलं, आधी मांजरासारखं, नंतर मोठ्यांदा.

आजोबा शाळा सोडून फाटकाशी येऊन उभे होते. त्यांनी टोपी काढली.

संध्याकाळी काशीबाई गाडीवानाला म्हणाल्या, ते मला खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं. "पोरीचा हात गार हाय, पर गुनाचा हाय."

मला ते टोचलं. सुई टोचलेली न कळणाऱ्या बाईला ते बरोबर कळलं. हे लिहायचं नव्हतं, पण मग बाकीचं खरं लिहून काय उपयोग? ते टोचणं थोडा वेळ टिकलं. मग मी उठून चूल पेटवली आणि पारूसाठी पेज टाकली. ती पेज मी केली हे तिला सांगू नको, असं सुमनला बजावलं.

पेजेचं भांडं न्यायला सुमन आली तेव्हा तिने विचारलं, "बाई, त्या म्हणतात माझ्या हाताला गुण आहे. काय उत्तर द्यायचं?"

माझं जुनं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी तिला दिलं नाही.

"उत्तर देऊच नको," मी म्हटलं. "म्हण, चला, आपण सगळ्या मिळून देवाचे आभार मानू. आणि लगेच डोळे मीट आणि दोन्ही हात जोड. जोडलेला हात कुणाला ओढून कपाळाला लावता येत नाही."

एकत्र केलेल्या मुठी

बाबा पुढच्या ईस्टरला आले. दुपारी कात्री घेऊन माझ्यासमोर बसले आणि माझ्या उजव्या हाताची नखं कापू लागले. ती मला नीट कापता येत नसत, हे त्यांना आजोबांकडून कळलं असणार. दोन्ही हातांची नखं झाल्यावर म्हणाले, "होस्टेलात खरं सांगितलं, आई. खोलीतला मुलगा गेला. दुसरा आला." एवढंच. पण तुम्ही जेव्हा बाबांवर रागवाल तेव्हा ही कात्री आठवा.

त्याच उन्हाळ्यात राबाची पहिली मूठ टाकायला गावाने सुमनला बोलावलं. जाऊ की नको, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, तुझं तू ठरव. ती गेली. तिथे जमलेल्या प्रत्येक बाईला तिने बियाण्याची एकेक मूठ घ्यायला लावली, सगळ्यांच्या मुठी एका सुपात ओतायला लावल्या, सूप हलवलं, प्रार्थना केली आणि मग सगळ्यांनी मिळून ते टाकलं. बायांनी विचारलं, असं का? ती म्हणाली, "म्हणजे कुणाच्या मुठीचं उगवलं ते कुणालाच कळायला नको."

रूथ, तुझ्या बोटांत काहीतरी आहे, असं तुझ्या शिक्षिका म्हणाल्या. असेल. ती ठेव आहे. ज्याने ठेवली तो ती तुझ्या बोटांत राहू देईल, किंवा एक दिवस नेईल आणि दुसऱ्याच्या बोटांत ठेवील. राहील तोवर मन लावून वाजव, आळस करू नको, आणि वादन चांगलं झालं की त्याचे आभार मान. बोटं निरखत बसू नको. आणि मी केलं तसं एखादं छानसं नम्र वाक्य पाठ करून ठेवू नको. लोक ते वाक्य घेतात आणि त्याचंच देऊळ बांधतात.

मला डॉक्टरांनी रोगमुक्त लिहून दिलं तेव्हा पारूचा मुलगा बसू लागला होता. बोटं मात्र तशीच राहिली. नर्सचं काम पुन्हा हाती आलं नाही. मी औषधं मोजून द्यायचं आणि मुलींना शिकवायचं काम करू लागले. त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी मी ओढ्याच्या वाटेने येत होते. समोरून पारू आली. मुलगा कडेवर, डोक्यावर बोचकं. मी सवयीने बाजूला झाले.

पारू थांबली. "बाई, धरा वाईच ह्याला. लई जड झालंय. माझी कंबर मोडली."

"अगं, सासूबाई..."

"त्या म्हागं ऱ्हायल्यात. येस्तवर धरा."

आशीर्वादाला नव्हे, गुणाला नव्हे. तिची कंबर दुखत होती आणि माझे हात मोकळे होते, म्हणून. मी दोन्ही हात पुढे केले आणि तिने पोरगं माझ्या कडेवर टाकलं. बोटांना त्याची ऊब कळली नाही, पण मनगटाला आणि कोपराला त्याचं वजन कळलं. खरंच जड होतं.

तेवढ्यात काशीबाई वळणावरून आल्या. थबकल्या. नातवाकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं. मी पोर परत द्यायला निघाले.

"नीट धरा," त्या म्हणाल्या. "लाता मारतंय. पायाळू हाय न्हवं. कंबरंत उसन भरली की मान्सं येत्यात ह्याच्या लाता खायला. लई गुन हाय त्याच्या पायाला."

मी काही समजावलं नाही. मुलगा माझ्याकडे टक लावून बघत होता. मग त्याने माझी वाकडी करंगळी आपल्या मुठीत घट्ट धरली. मला ते जाणवलं नाही. मी खाली पाहिलं म्हणून मला कळलं की त्याने धरलं आहे.